लेंपर जेवत नाही

आमची वेनिंग सुराबायाहून घरी परत यायला तयार झाली, ती एका अटीवर. अट दीड हात लांब होती आणि तिचं नाव लेंपर होतं.

लेंपर म्हणजे आमच्याकडे केळीच्या पानात वळलेला चिकट भात. हा लेंपर मात्र अजगर होता. तैवानला कामाला निघालेल्या एका मैत्रिणीने तो वेनिंगच्या गळ्यात घातला. हे वाक्य शब्दशः घ्यायलाही हरकत नाही. खोलीच्या मालकिणीने त्याला पाहिलं आणि दोघांनाही महिनाअखेरची मुदत दिली.

"बापाक, शहराबाहेर एक खोली मिळतेय, तिथे साप चालतो," वेनिंग फोनवर मला म्हणाली. "नाहीतर मी काम करते त्या औषधांच्या दुकानाची मलांगला शाखा आहे, तिथे बदली घेऊन घरी येते. पण आधीच सांगते, जागा बदलली की ही जात उपाशी बसते. लेंपर तुमच्याकडे जेवला तर मी राहीन. नाही जेवला, तर त्याला घेऊन परत."

शिकायला म्हणून गेलेली आमची एकुलती एक पोरगी. सणाला यायची ती खाऊचा डबा घेऊन, आणि झोपताना विचारायची, "यातली कुठली उशी घेऊ?" स्वतःच्या घरात! त्या प्रश्नाने माझी झोप उडायची. तेव्हा मी लगेच म्हटलं, "आण त्याला."

माझी बायको रुमियाती झुरळ दिसलं तरी स्टुलावर चढते. तिने विचारलं, "तो खातो काय?"

"उंदीर. गोठवलेले."

तिने उठून फ्रीजर उघडला. मग म्हणाली, "सोयाबीनच्या तेंपेच्या खालच्या कप्प्यात जागा आहे."

तयारीला लागलो. काचेची पेटी आणली, वर जाळीचं झाकण आणि त्याला खिट्ट्या. मलांगच्या गारठ्यात माणसंच दुपारपर्यंत अंग चोरून बसतात, म्हणून पेटीच्या एका टोकाखाली विजेची उबदार गादी. मोठ्या नारळाच्या दोन करवंट्यांना दारं कोरली, एक उबेच्या बाजूला, एक गारव्याच्या. पाहुण्याला जिथे बरं वाटेल तिथे त्याने बसावं. पेटी रिकामी असतानाच गादी चालू ठेवायची आणि तापमान पाहत राहायचं, असा हुकूम होता. मी सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पेटीसमोर बसून सुराबायाला हवामान कळवत असे. मी लग्न करायला निघालो तेव्हा सासऱ्यांनी माझी इतकी चौकशी केली नव्हती. रुमियातीने पेटीवर स्वतः विणलेलं झालरीचं कापड घातलं. वेनिंग म्हणाली, "राहू दे इबू, त्याला अंधार आवडतो." त्यानंतर रुमियातीचं अजगरांबद्दलचं मत सुधारलं.

लेंपर आला. करवंटीत शिरला, स्वतःभोवती गोल वळला आणि डोकं मधोमध खुपसून बसला.

"आता त्याला हात लावायचा नाही, डोकावायचं नाही, त्रास द्यायचा नाही," वेनिंग म्हणाली.

हे आम्हाला कळलं. गल्लीला कळवायचं राहिलं.

आमच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की भेटायला जायचं असतं. अजगर आला तर काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून गल्लीने माणसाचाच नियम लावला. गल्लीप्रमुखांची बायको बू सुपार्मी तळलेली केळी घेऊन सर्वांत आधी आली आणि थेट कापड वर केलं.

"अगंबाई, हा तर झोपलाय! वेनिंग, उठव ना त्याला. एवढी गरमागरम केळी आणलीत मी."

"बू, तो केळी खात नाही."

"मग तुम्ही खा. पण त्याला दाखव तरी!"

शेजारचा पाक तुकिरान काचेवर टकटक करत मला म्हणाला, "दरमाजी, पोर तुझ्यावर गेलंय रे. दिवसभर पडून असतं."

आठवडा असा गेला. मग वेनिंगने उंदीर कोमट करून चिमट्याने करवंटीच्या दाराशी धरला. लेंपरने डोकं आणखी आत घेतलं.

लेंपर जेवला नाही ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. कारण नवीन माणसाला एकदा भेटलं की पुरतं. आजाऱ्याला भेटायला मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं. बिस्किटांचे डबे आले, केळ्यांचे घड आले. बायका पेटीभोवती बसून हळू आवाजात आपापल्या ऑपरेशनांविषयी बोलू लागल्या. तो जेवेना म्हणून लोक येत होते आणि लोक येत होते म्हणून तो जेवत नव्हता. वेनिंगने बॅगेतले कपडे अजून बाहेर काढले नव्हते. एकदा शहराबाहेरच्या त्या खोलीवाल्याशी ती फोनवर बोलताना मी ऐकलं.

"लोकांना येऊ नका म्हणून सांग ना," मी रुमियातीला म्हटलं.

"तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू?"

"मग मी तरी कसं सांगू?"

खरं होतं. आमच्या गल्लीत हे वाक्य आजवर कुणी बोललेलं नाही. बोलताना तोंड कसं करायचं हेसुद्धा कुणाला माहीत नाही.

यावर उपाय एकच. लेंपरपेक्षा जास्त आजारी कुणीतरी पडायला हवं होतं. दुर्दैवाने त्या वेळी गल्लीत सगळे ठणठणीत होते. तेव्हा मीच पडलो. भररस्त्यात, बू सुपार्मीच्या दारासमोर, कपाळाला हात लावून. मग हवापालटाच्या नावाखाली रुमियाती मला डोंगरावर, बातूला माझ्या थोरल्या बहिणीकडे घेऊन गेली. वेनिंगला आम्ही सगळं सांगून ठेवलं होतं.

"काय होतंय तुला?" बहिणीने विचारलं.

"अजगर जेवत नाही."

तिने आणखी काही विचारलं नाही. अंथरूण घातलं.

वेनिंगला चार दिवस घरात शांतता मिळाली. रविवारी सकाळी मिनीबस आली. अख्खी गल्ली उतरली, बायका एकाच रंगाचे हिजाब घालून. मी कण्हायला सुरुवात केली. हे कण्हणं अर्धं खरं होतं, कारण त्याच वेळी घरी वेनिंग पुन्हा उंदीर कोमट करत होती. आज नाही तर मग नाहीच, असं ती म्हणाली होती.

"बिचारा," पाक तुकिरान माझ्या पायाशी बसत म्हणाला. "अजगराची काळजी भोवली. पांढराफटक पडलाय बघा!"

"चहा घोटभर घ्या," बू सुपार्मी म्हणाली. "नाहीतर तुम्हीही लेंपरसारखे..."

फोन वाजला. रुमियातीने उचलला. मी कण्हणं थांबवलं. खोलीतले सगळेच थांबले.

"हं," रुमियाती म्हणाली. "हं. सगळा? शेपटीसकट?"

मी उठून बसलो. रुमियातीने स्वतःच्याऐवजी जवळ बसलेल्या बू सुपार्मीच्या हिजाबाच्या टोकाने डोळे पुसले. क्षणभर कुणाला काही कळेना, मग एकदम कळलं. तुकिरानने अशी आरोळी ठोकली की माझी बहीण स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आली.

"जेवला!" बू सुपार्मी सगळ्यांना सांगत सुटली, जणू ते तिथे नव्हतेच. "चला, त्याला बघून येऊ या!"

"बसा!" मी ओरडलो. "कुणी हलायचं नाही. मला अजून चक्कर येतेय."

सगळे निमूट बसले.

"न्दुक," रुमियाती फोनमध्ये लेकीला हळूच म्हणाली, "त्या खोलीवाल्याला काय सांगितलंस?"

पलीकडून काहीतरी छोटंसं उत्तर आलं. रुमियातीने मान डोलावली.

"मग मी आल्यावर मधल्या खोलीतलं कपाट तुझ्यासाठी रिकामं करते," ती म्हणाली. "नको, तू नको करूस. तुला माझी घडी जमत नाही."