परत सांगा

“परत सांगा,” बाई म्हणाल्या.

समोरच्या खुर्चीतल्या शिवणवालीने पहिल्यापासून सुरुवात केली. सकाळची वेळ. नवरा दुकानात होता. गणवेशातली माणसं आली, नाव विचारलं, गाडीत घातलं आणि घेऊन गेली. ती चौकीवर गेली. तिथे म्हणाले, असा कुणी माणूस आम्ही आणलेलाच नाही. ती पुन्हा गेली, पुन्हा तेच. त्यानंतर गेली तेव्हा म्हणाले, आता आलीस तर तुलाही ठेवून घेऊ. मग ती मुलीला घेऊन देश सोडून निघाली.

“आणि मधेच रडू आलं तर?”

“थांबायचं. पाणी प्यायचं. जिथे थांबले तिथूनच पुढे जायचं.”

“छान. उद्या कोर्टात असंच.”

या ऑफिसात ‘परत’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक बाईंचा, परत सांगा. दुसरा सरकारचा, परत पाठवा. पहिला नीट जमला की दुसरा टळतो, असं बाईंचं म्हणणं, आणि वकिलीच्या इतक्या वर्षांत ते बहुतेक वेळा खरं ठरलं होतं. परक्या देशातून जीव वाचवून आलेली माणसं त्यांच्या दारी यायची, आणि त्यांना इथे राहू द्यावं म्हणून बाई भांडायच्या. त्यांचं नाव घेतलं की सरकारी वकील घरी जाऊन जास्तीचा अभ्यास करतात, असं कोर्टाच्या कँटीनमध्ये बोललं जायचं.

बाई काही जन्मतःच अशा नव्हत्या. त्यांची पहिली केस एका म्हाताऱ्याची. तो साक्ष देताना ढसाढसा रडला आणि त्याच्या जोडीने नव्या कोऱ्या कोटातल्या बाईही रडल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या थोरल्या वकिलांनी त्यांना नळाकडे पिटाळलं. “तोंड धुऊन ये, पोरी. दोघंही रडत बसलात तर बोलणार कोण?” म्हाताऱ्याला परत पाठवलं. हुंदक्यांच्या भरात त्याने आधीचं नंतर आणि नंतरचं आधी सांगितलं होतं, आणि सरकारी वकिलाने नेमकं तेच धरून ठेवलं.

तेव्हापासून बाईंनी क्रम धरला. आधी काय, मग काय, मग काय. जे केसच्या कामाचं नाही ते छाटायचं. माणसाला त्याची गोष्ट इतक्या वेळा सांगायला लावायची की सरकारी वकिलाने उलटी टांगली तरी सुलटी बाहेर यावी. या रीतीने कितीतरी जण तरले. फक्त एवढंच झालं की रोज तेच ऐकून ऐकून बाईंच्या आत काहीतरी बसलं ते उठलंच नाही. रोज मरे त्याला कोण रडे. मागच्या वर्षी त्यांचा नवरा गेला. शाळेत भूगोल शिकवायचा बिचारा. “मी मुलांना नकाशात देश दाखवतो, तू माणसांना देशात जागा दाखवतेस,” असं म्हणून स्वतःच हसायचा. तो गेल्याचं बाईंनी थोरल्या बहिणीला फोनवर कळवलं. सकाळी छातीत दुखलं, मग गाडी बोलावली, मग दवाखाना, मग डॉक्टर बाहेर आले.

ताई म्हणाली, “अगं, तुझा नवरा गेलाय. निवेदन काय देतेस?”

त्याच आठवड्यात बाई कोर्टात उभ्या राहिल्या आणि केस जिंकल्या. घरी उठ, बस, जेव म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. कोट अंगावर ढगळ झाला, तो तसाच घालत राहिल्या.

शिवणवाली पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा तिने सुरुवात कुठल्या कुठे केली होती. “मापं घेत होते हो ते. टेप गळ्यातच होता, तसाच गेला त्यांच्याबरोबर. आणि गिऱ्हाईक, बाई, ते हात पसरून उभंच. गाडी गेली, धूळ बसली, तरी उभंच. कुणी सांगितलंच नाही ना त्याला. शेवटी मीच म्हटलं, दादा, हात खाली घ्या.” हे सांगताना ती इतकी रडली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “गिऱ्हाइकाचा केसशी काही संबंध नाही. ते सोडा. माणसं आली, तिथपासून परत सांगा.”

शेवटच्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी कोर्टात शिवणवालीने सुतासारखी सरळ साक्ष दिली. एक शब्द इकडचा तिकडे नाही, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. बाई मनात हुश्श करणार, एवढ्यात न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुम्ही कुणा दुसऱ्याची हकिगत सांगताय असं वाटतं मला. नवरा तुमचाच ना?”

“हो.”

“ही निव्वळ पोपटपंची आहे, साहेब,” सरकारी वकील बसल्या जागेवरून म्हणाला. “बाईंच्या ऑफिसात पिंजरे टांगलेत.”

कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. “हे तुमच्याकडून पाठ करून घेतलंय का?”

शिवणवालीने बाईंकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर दोघींनी बसवलेलं नव्हतं. मग तिने खरं तेच सांगितलं. “बाई म्हणायच्या, परत सांगा. रडायला लागले की म्हणायच्या, पाणी प्या. आता नाही येत रडू.”

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. बाईंनी असं लिहिणं आयुष्यभर पाहिलं होतं. कुठल्या लिहिण्यानंतर माणूस राहतो आणि कुठल्या लिहिण्यानंतर विमानात बसतो, हे त्यांना पेनाच्या चालीवरून कळायचं. शिवणवाली परत जाणार होती, आणि तिकडे तिला ठेवून घेणार होते. पोरीचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाई उभ्या राहिल्या. “पहिल्या दिवशी ती असं बोलली नव्हती.”

“हे तुम्हाला वकील म्हणून सांगता येणार नाही,” न्यायाधीश म्हणाले. “साक्षीदार म्हणून सांगायचं असेल तर केस दुसऱ्याकडे द्यावी लागेल. आणि साक्षीदार पढवला, हे तुमच्याच तोंडून नोंदलं जाईल. त्याची पुढे चौकशी लागते, ते तुम्हाला मी सांगायला नको. विचार करा.”

“केला,” बाई म्हणाल्या.

केस चिमणीकडे गेली. चिमणी म्हणजे बाईंची जुनी ज्युनिअर, आता स्वतःचं ऑफिस थाटलेली, तरी बाईंसमोर अजून खुर्चीच्या टोकावर बसणारी. तिने जिन्यातच बाईंना गाठलं. “बाई, कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय? अपील करू. काहीतरी मार्ग निघेल.”

“अपिलात कागद बघतात. कागद चोख आहेत, मीच केलेत. आवाज कोण बघणार?”

“तुमची सनद जाईल.”

“जाऊ दे,” बाई म्हणाल्या. असं म्हणताना काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं त्यांना कळलं. वाटलं मात्र काही नाही.

साक्षीदाराच्या खुर्चीत बाई पहिल्यांदाच बसल्या. खुर्ची ठेंगणी होती. इतक्या जणांना या खुर्चीत बसवलं, पण हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाईंनीही विचारलं नव्हतं. चिमणीने विचारलं तसं त्यांनी सगळं सांगितलं. आपण काय छाटलं, का छाटलं, किती वेळा परत सांगायला लावलं.

सरकारी वकील उठला. “तुम्हीही पाठ करूनच आलात की. आवाजात जरासुद्धा फरक नाही.”

“मी अशीच बोलते. नवरा गेला तेव्हाही अशीच बोलले. ती अशी बोलते ते माझ्यामुळे. दगड म्हणायचं तर मला म्हणा, तिला नका म्हणू.”

“पहिल्या दिवशी ती काय म्हणाली?” न्यायाधीशांनी विचारलं.

बाईंनी टेपचं सांगितलं. गिऱ्हाइकाचं सांगितलं. गाडी गेली, धूळ बसली, तरी ते हात पसरून उभंच होतं. “मग हिने म्हटलं, दादा, हात खाली घ्या.”

मागच्या बाकावरून आवाज आला. शिवणवाली तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि मग पदरही पुरेना. चिमणी पाण्याच्या ग्लासाकडे वळली. बाईंनी मानेने नको म्हटलं. न्यायाधीश थांबले. सगळं कोर्ट थांबलं, आणि ती तिला हवं तेवढं रडली.

शिवणवालीला राहू दिलं.

बाईंची चौकशी लागली, लागायचीच होती. तोवर नवीन केस घ्यायची नाही असा हुकूम आला. ऑफिसच्या बाहेरचं बाक रिकामं झालं. “आता तरी माझ्याकडे येऊन राहा,” ताई फोनवर म्हणाली. “येईन,” बाई म्हणाल्या, आणि चौकशीच्या आदल्या आठवड्यात कोट काखेत मारून शिवणवालीच्या दुकानात गेल्या. निदान समितीसमोर तरी कोट अंगाबरोबर असावा.

दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि मागे पडदा. शिवणवालीने कोट बाईंच्या अंगावर चढवला आणि खांद्याची चिमूट धरून बघितली. “केवढ्या उतरलात, बाई. घरात कुणी बोललं नाही का?”

“घरात कुणी नाही.”

“हात पसरा.”

बाईंनी आयुष्यात कुणापुढे हात पसरले नव्हते. आता पसरले. शिवणवालीने गळ्यातला टेप काढून बाहीचं माप घेतलं, छातीचं घेतलं, टेप पुन्हा गळ्यात टाकला. एवढ्यात पडद्यामागून पोरीने हाक मारली, तिची वेणी सुटली होती. “आले हं,” म्हणत ती आत गेली.

वेणी घालून ती बाहेर आली तेव्हा बाई आरशासमोर तशाच उभ्या होत्या. दोन्ही हात पसरलेले. शिवणवाली पडद्यापाशीच थबकली. मग जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, हात खाली घ्या.”

बाईंनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

“परत सांगा,” त्या म्हणाल्या.

“हात खाली घ्या आता.”

बाईंनी हात खाली घेतले.