भावाच्या ताटातला भोपळा

आत्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी. रोज चारशे माणसं जेवायला घालायची. ताटात टाकलेलं दिसलं, की त्या माणसाची सगळ्यांदेखत अशी खरडपट्टी काढायची, की दुसऱ्या दिवशी तो ताट चाटूनपुसून ठेवायचा. त्यामुळे भावाच्या घरी साडेपाच वर्षांच्या पोरीपुढे दोन धडधाकट माणसं हात टेकून बसलेली पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोरगी पाव आणि उकडलेला बटाटा, यापलीकडे कशाला तोंड लावत नव्हती. एरवी चाललंही असतं. पण सोमवारपासून भावजय कामावर रुजू होणार होती आणि पाळणाघराच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, इथे शिजेल ते खाणारं मूलच ठेवू, घरचा डबा चालणार नाही. आज शनिवार. पोरगी खाईना, तर सहा महिने खेटे घालून मिळवलेली नोकरी गेली.

आणि यावर या शहाण्यांचा उपाय काय, तर फ्रिजवर तक्ता! घासाला एक चांदणी. अख्ख्या महिन्यात तीन चांदण्या, त्यातल्या दोन पोरीने स्वतःच चिकटवलेल्या. शिवाय भाऊ चमच्याचं विमान करून घूंऽऽ करत ताटाभोवती फिरवायचा. अडतीस वर्षांचा घोडा! आत्याला हसावं की रडावं कळेना.

"नसते लाड, दुसरं काय!" ती म्हणाली. "आज मी वाढते. सगळ्यांनी भोपळा खायचा. आधी मोठे, मग ती."

चार ताटांत चार-चार फोडी पडल्या. भावजयीने मुकाट्याने खाल्ल्या. आत्या आपल्या खाता खाता मुलं कशी बिघडतात यावर भाषण देत होती. पोरगी स्वतःच्या ताटाकडे बघतच नव्हती. तिची नजर बापाच्या ताटावर होती.

भावाच्या फोडी सरकत सरकत ताटाच्या कडेला आल्या होत्या, आत्याच्या बाजूला. आत्याने बोलण्याच्या भरात एक उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. आईने भावाला मारू नये म्हणून लहानपणी ती हेच करायची. आपण आत्ताही तेच करतोय, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिसरी उचलली, तेवढ्यात पोरीने आपलं ताट तिच्याकडे सरकवलं.

"माझ्यापण खा ना, आत्या."

भावजयीने हातातला चमचा खाली ठेवला. "ताई, सोमवारी पाळणाघरातही याल का? हिच्या फोडी खायला?"

आत्याचं तोंड भोपळ्याने भरलेलं. चारशे माणसांची ताटं तपासणारी बाई, आणि आज स्वतःच रंगेहाथ सापडली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तिने हातातली फोड भावाच्या ताटात परत ठेवली.

"खा."

"ताई, मला नाही गं जात..."

"गिळ! बायकोची नोकरी आहे ती."

त्याने डोळे मिटून फोड तोंडात टाकली आणि कशीबशी चावली. पोरगी उठून अगदी त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"कसं लागतं?"

"वाईट."

"थोडं की खूप?"

"थोडं."

पोरीने त्याच्या ताटातली उरलेली फोड उचलली, अर्धी तोडली, तोंड वाकडं करत चावली आणि गिळली.

"खोटारडा! खूप वाईट आहे," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी त्याच्या ओठांना लावली. "आता तू."