टर्बो थंड होईस्तोवर

दीपेशच्या पिंडाला कावळा शिवला तो गाडीचं नाव घेतल्यावर. माझं नाव घेतल्यावर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतर मी जे केलं ते या एकाच गोष्टीमुळे केलं.

दीपेश माझा नवरा. मालवणच्या बाजारात स्कूटर लावता लावता खाली बसला तो उठलाच नाही. दहाव्याला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पान मांडलं, वर आंब्यावर कावळे येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. भटजी म्हणाले, कशात तरी जीव अडकलाय, बोला काहीतरी. सासूबाई बोलल्या, चुलते बोलले. मग मी हात जोडून म्हटलं, "आयेक मी सांभाळतलंय. घर सोडून खंय जावचंय नाय." कावळे ढिम्म. "माझी काळजी करू नको" म्हटलं, तरी ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. शेवटी माझा दीर लवू पानापाशी वाकला आणि पुटपुटला, "दादा, तुझी गाडी आमी सुरू करतलंव. टर्बो बसवतलंव." तो मागे सरकतोय तोवर कावळा पानावर हजर. मागे उभ्या बायका एकमेकींना म्हणाल्या, गाडीतच जीव होता हो त्याचा.

मी रडले नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. लोक म्हणायचे, धीराची आहे विनीता. धीर कसला डोंबलाचा, आत काही हलतच नव्हतं. जेवले की जेवले, झोपले की झोपले. एकच गोष्ट मधूनमधून टोचायची, की इतकी वर्षं ज्याचा डबा भरला त्याला जाताना मी आठवले नाही, डिझेलची जुनी गाडी आठवली.

ती गाडी स्वयंपाकघरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, प्लास्टिकच्या कापडाखाली उभी होती. मरायच्या आधी दीपेशने तिचा टर्बो काढून ठेवला होता. धामापूरच्या चढावर ती दमेकऱ्यासारखी थांबायची आणि मागे निळा धूर सोडायची. इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा असतो, तो टर्बो. तो निकामी झाला होता. नवीन आणून खोक्यात तसाच ठेवलेला. व्हिडिओ बघून सगळं घरीच करायचं हा त्याचा जुना किडा.

लवू म्हणाला, "वयनी, कुडाळसून मेस्त्री बोलावया."

"शब्द आपण दिलो, मेस्त्रीन नाय," मी म्हटलं. "आपणच बसवया."

मनात वेगळंच होतं. एकदा सुरू करायची, शब्द पुरा करायचा आणि विकून टाकायची. सावंतवाडीच्या एका माणसाशी बोलूनही ठेवलं होतं. गाडी गेली की दीपेशचंही माझ्याकडे काही राहिलं नसतं. मला तेच हवं होतं.

कापड काढलं तर इंजिनावर माझा मसाल्याचा डबा. हा डबा मी घरभर शोधला होता, आणि तेव्हा हा माझा नवरा माझ्यासोबत फळ्या धुंडाळत होता, "खंय ठेवलंस गो?" असं वर मलाच विचारत होता. झाकण उघडलं. हळदीच्या वाटीत मोठे नट, मोहरीच्या वाटीत बारके बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत पाइपांच्या क्लिपा. कुठल्या जागेचं काय ते बरोबर वेगळं ठेवलेलं. लवू हसला. मला हसू आलं नाही, पण मी डबा धुवायलाही नेला नाही.

दीपेशच्या फोनवर टर्बो बसवायचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबवलेला होता. आम्ही तिथूनच पुढे लावला. लवू मालवणच्या जेटीवर पर्यटकांच्या होड्यांची इंजिनं बघतो, पान्याला त्याचा हात सराईत. पण गाडीचा टर्बो त्यालाही नवीनच. व्हिडिओतला माणूस म्हणाला, आधी टर्बोला तेल देणारा पाइप फुंकून बघा. मी फुंकला. गालफडं दुखली, पलीकडे वारा निघेना. आत काजळी बसून तो पार बुजला होता. तेल न मिळाल्यानेच जुना टर्बो मेला. तोच पाइप पुन्हा लावला असता तर नवाही गेला असता. लवू कुडाळला जाऊन नवीन पाइप, तांब्याचे वॉशर आणि गॅस्केट घेऊन आला. मी तोवर हवेच्या नळ्यांत साचलेलं जुनं तेल काढून त्या पुसून ठेवल्या. इंजिनातलं तेल आणि फिल्टरही बदलला.

टर्बो बसवताना एक बोल्ट मागच्या बाजूला अशा अडचणीत होता की लवूचा पंजा तिथे जाईना. माझा गेला. दीपेशचा हात तर लवूहून मोठा. हा बोल्ट तो कसा लावणार होता कोण जाणे. मला हाक मारली असती, आणि मी दहा गोष्टी ऐकवून मग आले असते.

पाइप जोडण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओतायचं आणि पंखा बोटाने फिरवायचा, म्हणजे पहिल्या फिरकीला तो कोरडा राहत नाही. मी फिरवला. आवाज न करता फिरत राहिला. इतकं हलकं फिरणारं काही मी कधी हाताळलं नव्हतं. त्या क्षणी काहीतरी वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग इंजिन लगेच सुरू होऊ नये म्हणून लवूने डिझेलची वायर सुटी केली, मी नुसतंच इंजिन फिरवलं. तेलाचा लाल दिवा विझला, म्हणजे तेल पोचलं. वायर जोडून पुन्हा चावी फिरवली, तशी गाडी सुरू झाली. आधी धूर आला, सासूबाईंनी पडवीतून नाकाला पदर लावला, मग धूर विरळ होत थांबला. कुठे तेल गळत नाही हे लवूने वाकून बघितलं.

संध्याकाळी आम्ही दोघं धामापूरच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. गाडी मी चालवली. शिकवली होती दीपेशनेच, पण माझ्या हातात द्यायची म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा. ज्या चढावर ती थांबायची तो चढ तिने असा घेतला की मलाच पाय आवरावा लागला. परतताना मी लवूला सांगितलं, उद्या सावंतवाडीचा माणूस गाडी न्यायला येतोय. ज्याच्यात जीव अडकला होता ते सुरू करून दिलं, आता सुटलो.

लवूने त्याच्या बाजूची काच वर केली. मग म्हणाला, "वयनी, तो कावळो गाडीसाठी इलो नाय."

"म्हणजे?"

"माझ्या खिशात खाज्याचो तुकडो हुतो. पानाच्या कडेक ठेवलंय. सकाळपासून तुझ्या पोटात पाणीसुदा नाय हुता, माका वाटला आता पडतलंस. गाडीचा तोंडाक इला म्हणान बोललंय. कायतरी बोलाक व्हया हुता."

मी गाडी चालवत राहिले. म्हणजे कावळा गाडीसाठी आला नव्हता. माझ्यासाठीही आला नव्हता. गुळाच्या खाज्यासाठी आला होता. इतके दिवस ज्या रागावर मी उभी होते तो राग पायाखालून निघून गेला, आणि खाली काहीच नव्हतं.  घर आलं तसा लवू बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकापाशी, उतरला आणि बेडं लावायला मागे राहिला.

दीपेश लावायचा तिथेच मी गाडी लावली. चावीला हात घातला आणि थांबले. टर्बोची गाडी पळवून आल्यावर लगेच बंद करायची नसते. थोडी तशीच चालू ठेवायची, तेल फिरत राहतं, टर्बो निवतो. दीपेश रोज तसाच बसून राहायचा. मी खिडकीतून ओरडायचे, "बंद कर ती गाडी, जेवान थंड जाता." तो म्हणायचा, "टर्बो थंड होवक व्हयो गो." घरात यायचं सोडून गाडीत बसतो म्हणून मला दर वेळी चीड यायची.

त्या वेळी त्या सीटवर मी कधी बसले नव्हते. समोर काच, काचेतून सरळ स्वयंपाकघराची खिडकी. दिवा लागलेला. चुलीपाशी सासूबाई वाकलेल्या, भाकरी उलटताना त्यांचा हात, कपाळ, सगळं स्पष्ट दिसत होतं. रोज तिथे मी असायचे. तो मला बघायचा की गाडीचा काटा बघायचा, हे आता कोण सांगणार? कावळाही सांगणार नाही.

पण दिसत होते मी त्याला. रोज दिसत होते.

तेव्हा मला रडू आलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडले, आणि इंजिन चालू असल्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

खिडकीतून सासूबाईंची हाक आली, "विनीता, बंद कर गो ती गाडी. जेवान थंड जाता."

मी नाक पुसलं आणि काच खाली केली.

"इलंय आये," मी म्हटलं. "टर्बो थंड होवक व्हयो."