मुहूर्ताची बंडी अजून आत आहे

राजकुमार हे लिहिणारच नव्हता. मोबाइलवर दोनदा टाइप केलं, दोनदा पुसून टाकलं. लिहिलं तर लोक म्हणतील, पोराच्या डोक्याला ऊन लागलं. नाही लिहिलं तर उद्या आपणच म्हणू, तसं काही झालंच नव्हतं. हे दुसरं भेव जास्त होतं.

राजकुमार मारेगावजवळच्या तांड्यातला. कॉम्प्युटर तो कुठं शिकायला गेला नाही. यूट्यूब पाहून पाहून शिकला, आणि आधी बिघडवून मग दुरुस्त करून करून पक्का झाला. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमधलं कॉम्प्युटरचं सगळं आता तोच पाहतो.

जिनिंगमधलं सॉफ्टवेअर पाळी लावायचं काम करतं. कापसाची गाडी गेटात शिरली की तिची एक फाइल उघडते. गेटवाल्यानं बटन दाबलं की ती ओलावा पाहणाऱ्याच्या स्क्रीनवर जाते, तिथून वजनकाट्यावर, काट्यावरून कापसाच्या गंजीवर. गाडी रिकामी झाली की पुन्हा काट्यावर आणि मग गेटाबाहेर. ज्याची पाळी त्यानं बटन दाबलं नाही तर फाइल तिथंच बसून राहते. जास्त वेळ बसली तर सॉफ्टवेअर त्याला आणि गाडीवाल्याला मेसेज पाठवून आठवण देतं. गाडी बाहेर गेली, फाइल बंद. सगळ्यांना एकच नियम.

फक्त मुहूर्ताच्या बंडीला नाही.

हंगामाचा पहिला कापूस, दसऱ्याच्या मुहूर्ताचा, या जिनिंगमध्ये पिकअपनं येत नाही, ट्रॅक्टरनंही नाही. बैलबंडीनंच येतो. बैलांना गुलाल, शेतकऱ्याला शेला आणि नारळ. ही बंडी रिकामी झाली की मागच्या लहान फाटकातून निघते आणि सॉफ्टवेअरमध्ये तिचं ‘बाहेर’ कोणी दाबत नाही. मॅनेजर विठ्ठलरावांचा तसा हुकूमच आहे. "पहिली बंडी आत हाय तोवर मागून बंड्या येतेत," ते म्हणतात. "तिले बाहेर काढलं का लक्ष्मी निंगाली तिच्या मागं." कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, की नारळ फोडून मग ती फाइल बंद करायची. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी असलं काही सपनातही पाह्यलं नसेल.

मागं एका हंगामात ही मुहूर्ताची बंडी डोंगरसिंगची होती. डोंगरसिंग म्हणजे घनश्यामचा बाप, आणि घनश्याम म्हणजे राजकुमारचा लहानपणापासूनचा दोस्त, एकाच तांड्यातला. त्या दिवशी रिकाम्या बंडीचं वजन घ्यायचं तर डोंगरसिंग बंडीवरून उतरायलाच तयार नाही. नवा शेला खांद्यावर टाकून ऐटीत बसलेला.

"उतर न, डोंगरसिंग," विठ्ठलराव म्हणाले. "का तुहं वजन बी कापसात धरू?"

"धरा न भाऊ. मी काय सरकीपेक्षा हलका हाय?"

सगळे हसले. मग तो उतरला, वजन झालं, पुन्हा चढला आणि मागच्या फाटकातून गेला. राजकुमारनं त्याला जाताना पाह्यलं होतं. दिवस मावळायच्या आत बैल तांड्यावर पोचले. बंडीत नारळ होता. शेला होता, घडी करून ठेवलेला. डोंगरसिंग नव्हता.

तांडाच्या तांडा शोधायला निघाला. नाला पाह्यला, विहिरी पाह्यल्या. कोणी म्हणे, राळेगावकडून वाघ आला असेल. पण वाघ काहीतरी मागं ठेवतो. आणि वाघ शेल्याची घडी करत नाही.

घनश्यामची आई, त्याची याडी, म्हणजे लालीबाई. तिनं अजून कपाळावरच्या बटांतली घुगरी काढली नाही. ती सवाशिणीची खूण. तांड्यातल्या म्हाताऱ्या आडून आडून बोलतात, ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. आणि घनश्याम त्याच जिनिंगच्या गेटवर चौकीदार म्हणून लागला. बाप त्या दिवशी घरीच विसरून गेला तो साधा फोन रोज चार्ज करतो, वरच्या खिशात ठेवतो. राजकुमारनं एकदा विचारलं, "इथंच काहून बे? मारेगावात दुकानावर लागला असता."

"तुह्या कॉम्प्युटरात बा आत गेलेला हाय न?"

"हाय."

"बाहेर गेलेला हाय का?"

"नाही."

"मंग? निंघन तं याच गेटातून निंघन."

त्या वर्षी उलंगवाडी झाली. विठ्ठलरावांनी नारळ आणला, फोडला नाही. बटन कोणी दाबलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी बंडी आली, तिची फाइल उघडली, वेळेवर बंद झाली. डोंगरसिंगची फाइल मात्र तशीच, सगळ्यात खाली.

यंदा मे महिन्यात सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. जुनं आता बंद होणार, ते बनवणारे नागपूरचे लोक त्याच्याकडं ढुंकूनही पाहणार नाहीत. नव्यावर जायचं म्हणजे जुन्यातल्या सगळ्या फाइली एक तर पुऱ्या करायच्या, नाहीतर नव्यात नेऊन बसवायच्या. जुन्याची पायरी नव्याच्या कोणत्या पायरीला जोडायची हे हातानं सांगावं लागतं. उघडी फाइल एकच होती.

"तिले आऊट मार," विठ्ठलराव फोनवर म्हणाले. ते मुलीकडं वणीला गेलेले. "आज सगळं नव्यावर पाह्यजे. मालक संध्याकाळी पाहून राह्यले."

राजकुमारनं घनश्यामला सांगितलं. सांगायला नको होतं, पण दोस्ताला न सांगता हे करायचं कसं?

घनश्याम गेटवरच्या खुर्चीतून उठलाच नाही. "एकच जागा राह्यली जिथं तो हाय असं लिवलेलं हाय," तो म्हणाला. "बाकी सगळीकडं तो नाही. पोलिसाच्या कागदात नाही, राशन कार्डात नाव कापाले लावून राह्यले. तू बी कापतो का?"

"मी कापत नाही. नव्यात नेऊन बसवतो. आत हाय तं आतच राहीन."

"जमन?"

"जमवतो."

जिनिंग बंद होती. हंगाम नसला की ते आवार असं दिसतं की जणू माणसं आत्ताच उठून गेली. सुनं आवार, पत्र्याचे शेड, कोपऱ्यात जुन्या सरकीचा वास. भर दुपार. अशा दुपारी तांड्यातल्या बाया लेकरांना नाल्याकडं जाऊ देत नाहीत. राजकुमार काट्याच्या खोलीत बसला. खिडकीतून समोरच काट्याची, गाडी उभी करायची लोखंडी पाटी दिसते, उन्हात तापलेली, रिकामी.

नव्या व्हर्जनमध्ये ‘बाहेर’च्या आधी रिकाम्या गाडीचं वजन पुन्हा पडताळायची एक पायरी वाढली होती. रिकामी गाडी काट्यावर उभी राहिली की वजन आपोआप घेतलं जातं, हातानं टाकता येत नाही. राजकुमारनं विचार केला, आपल्याला हेच पाह्यजे. बंडी येणार नाही, वजन होणार नाही, फाइल तिथंच अडकून राहील. साऱ्या जन्मभर. त्यानं जुनी पायरी या नव्या पायरीला जोडली आणि ‘चालू’ दाबलं.

एक गोष्ट तो विसरला. जुन्यात आठवणीचे मेसेज त्यानंच बंद करून ठेवले होते. नव्यात ते चालू होते, आणि या फाइलीची वेळ तर केव्हाचीच उलटलेली.

गेटवर फोन वाजला. घनश्यामचा नाही, दुसरा.

घनश्याम धावतच आला. चप्पल गेटवरच राहिलेली. त्यानं बापाचा फोन पुढं केला. स्क्रीनवर दोन ओळी: डोंगरसिंग जाधव, आपली रिकामी बंडी काट्यावर आणावी.

"तू पाठवलं?"

"आपोआप गेलं, भिया. माही चूक झाली. मी आता..."

काट्याचा आकडा पेटला.

टेबलावरच्या वजन दाखवणाऱ्या डबीत शून्य होतं ते हललं. वर चढलं, खाली आलं, पुन्हा चढलं. राजकुमारनं खिडकीतून पाहिलं. पाटीवर काही नव्हतं. ऊन होतं नुसतं. पण आकडा डुलत होता, डावीकडं उजवीकडं झुकल्यासारखा. गाडी उभी राहिली की आकडा एका जागी थांबतो. असा तो फक्त बैल जुंपलेले असले की डुलतो, बैल पाय बदलतात तेव्हा.

"उनानं होते कधी कधी," राजकुमार म्हणाला.

आकडा थांबला. स्क्रीनवर नवं वजन उमटलं आणि त्याच्या शेजारी मुहूर्ताच्या दिवशीचं जुनं वजन. दोन्हीत फरक होता. नवं जास्त होतं. एका बऱ्यापैकी धडधाकट माणसाइतकं जास्त. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: वजन जुळत नाही, गाडीवान उतरवून पुन्हा वजन घ्या.

राजकुमारनं ते मोठ्यानं वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती, घनश्याम त्याच्या खांद्यावरून पाहत होता.

घनश्याम बाहेर गेला. अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून. पाटीच्या काठाशी थांबला, पाटीवर पाय ठेवला नाही. मग तांड्याच्या बोलीत नाही, मराठीत नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी बोलला, लहान पोर बोलतं तसं.

"बा, उतर न."

डबीतला आकडा खाली आला. गुंजभरही जास्त नाही, कमी नाही. जुन्या वजनावर येऊन थांबला.

लाल अक्षरं गेली. खाली हिरवं बटन आलं: वजन जुळले. बाहेर सोडायचे?

राजकुमारचं बोट माऊसवर होतं. त्याला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की डोंगरसिंग बंडीवरून उतरला आहे आणि या आवारात कुठंतरी उभा आहे. कदाचित पोरासमोर. घनश्यामचा एक हात थोडा पुढं झाला होता, आणि तसाच राहिला होता.

तेवढ्यात विठ्ठलरावांचा फोन. "झालं का रे? किती उघड्या हाय?"

"एक."

"सांगतलं होतं न आऊट मार."

"भाऊ," राजकुमार म्हणाला, "बंडी काट्यावर हाय."

पलीकडं लेकरं खेळत होती कुठंतरी मागं. मग विठ्ठलरावांनी हळूच विचारलं, "उतरला का तो?"

"उतरला."

"तवा बी लवकर उतरत नव्हता." ते म्हणाले. "मालकाले मी सांगतो, एक फाइल अटकली म्हणून. पण राजकुमार, दसऱ्याच्या आत मोकळं कर. दोन पहिल्या बंड्या आत ठेवता येत नाही, बापा. मांगच्या वर्षी ठेवल्या, कापूस कसा आला तो पाह्यला न तू."

फोन ठेवला. घनश्याम परत आला होता, दारात उभा. तळपाय भाजले असतील, त्याला त्याचं काही नव्हतं. त्यानं हिरवं बटन पाह्यलं.

"हे दाबलं तं बा घरी येईन?"

"मले नाही मालूम."

"तवा बी तं बाहेरच गेलता न. मागच्या फाटकातून. घरी कोठी आला?" तो खाली बसला, भिंतीला टेकून. "आत हाय तोवर मी त्याले गेटवरून पाहून राह्यलो असं तरी वाटते. बाहेर गेला अन् घरी नाही आला, तं मंग याडीले काय सांगू? अन् नाही दाबलं तं तो असाच उनात उभा राहीन का?"

बाहेर पाटीवर ऊन तसंच होतं, आणि डबीतला आकडा पुन्हा थोडा थोडा डुलायला लागला होता. बैल कंटाळले असावेत.

त्यानं माऊसवरून हात काढला. खुर्ची मागं सरकवली आणि घनश्यामशेजारी फरशीवर जाऊन बसला.

"ऐक," तो म्हणाला. "मी हे बटन दाबत नाही. मालक आला, नागपूरवाला आला, तरी कोणाले दाबू देत नाही. दसऱ्याच्या आत तू याडीले घेऊन इथं ये. तिले सगळं सांगू, जसं झालं तसं, मी लिहून बी ठेवतो. ती म्हणन राहू दे, तं राहू देऊ, माही नोकरी गेली तरी. ती म्हणन जाऊ दे, तं मोठं गेट पुरं उघडू, अन् बटन तिच्या हातानं. पण त्या दिवशी मी मागच्या फाटकापाशी उभा राहीन. यावेळेस त्याले तिकून जाऊ देत नाही."