घडीवर न कापलेलं कापड

माझे वडील शिंपी. मापं देताना कुणी पोक काढून उभं राहिलं की त्याच्या पाठीवर टेप आपटायचे. "ताठ उभे राहा, साहेब. कोट वाकडा बसला की शिव्या मला मिळतात." मला मात्र ते कधी ताठ उभी राहा म्हणाले नाहीत. मला वाटायचं, आपण आहोतच सरळ.

आणखी एक लाड होता. शिंपी कापड दुमडून घडीवर एकदाच कात्री चालवतो, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या निघतात. माझं कापड बाबा उलगडून ठेवायचे, एकेक बाजू वेगळी कापायचे. "लेकीच्या कामात घाई नाही," म्हणायचे. हे मी मैत्रिणींना मिरवून सांगितलंय.

तिशी उलटल्यावर औषधांच्या दुकानात नोकरी लागली. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं. गणवेश तयार मिळाला. पहिल्याच दिवशी शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, "अगं, खुंटीवरून घसरलेल्या शर्टासारखी काय उभी आहेस?" मीही हसले. महिन्याभरात पाठ अशी धरली की स्टूल मागावं लागलं. मालक म्हणाला, "बसून करायचं काम आमच्याकडे नाही. आठवडाभर बघतो."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. माझा कणा नदीसारखा वळलेला. "तेराव्या वर्षी पाठीला पट्टा लावला असता तर बाक इतका वाढला नसता. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मला कात्रीचा आवाज आठवला. दोनदा चालणाऱ्या कात्रीचा.

तशीच बाबांच्या दुकानात गेले. "बाबा, माझा डावा खांदा किती खाली आहे?"

त्यांनी टेप उचललाही नाही. "सव्वा इंच."

"तेराव्या वर्षी?"

"पाऊण." ते सुईत दोरा ओवायला लागले. सुईत दोरा होताच. "शाळेतून चिठ्ठी आली होती, पोरी. डॉक्टरला दाखवा म्हणून. पट्टा बांधून फिरली असतीस तर जन्मभर वाकडी म्हणून नाव पडलं असतं. मी दोन्ही खांद्यांत पॅड घातले, डावा जाड. कुणाला कळलं का कधी?"

"मलाही नाही कळलं."

"तेच तर सांगतोय." आवाजात कारागिराची ऐट होती. चिठ्ठी लपवली हे एक वेळ मी गिळेन. ती ऐट मात्र नाही.

"आण तो गणवेश," ते म्हणाले. "तासाभरात सरळ करून देतो."

"आणि पाठ?"

त्यांनी टेप उचलला.

मी फळीवरचं कापड ओढून टेबलावर टाकलं. "यातून नवा शिवा. घडीवर कापा."

"वाकडं दिसेल गं."

"आहे ते दिसेल. मालकालाही दिसू दे, मग स्टूल नाकारताना माझ्याकडे बघून नाकारेल."

त्यांनी घडी घातली, कडा जुळवल्या, खडूने रेघ ओढली. मग कात्री हातात घेऊन नुसते उभे राहिले. पोक काढून.

"ताठ उभे राहा, बाबा," मी म्हणाले, आणि कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली.