शाकीरभाईंचं गुलाबी प्रवाळ

शाकीरभाई जहाजावर खानसामा होते. नोकरी संपवून सोलापूरला परतले, पण समुद्र काही त्यांच्या मनातून जाईना. मग सात रस्ता चौकाजवळच्या घरात, बैठकीच्या खोलीत, त्यांनी काचेच्या टाकीत समुद्रच मांडला. बादलीत मीठ विरघळवून खारं पाणी करायचे, बोट बुडवून चाखायचे आणि म्हणायचे, "बानो, आला बघ समुद्र!" उन्हाळ्यात घरातली माणसं घामानं निथळत, पण टाकीवरचा पंखा आधी. बायको गुलबानो चिडायची. तरी संध्याकाळचा दोघांचा चहा टाकीसमोरच व्हायचा.

टाकीतलं गुलाबी प्रवाळ त्यांचं फार लाडकं. शाकीरभाई वारले, आणि पुढच्या काही महिन्यांत प्रवाळ तपकिरी पडत गेलं. वाळक्या काटकीसारखं दिसू लागलं.

"अम्मी, मेलं वाटतं ते," लेक सना म्हणाली. "काढून टाकूया?"

गुलबानो तिच्या आणि टाकीच्या मधे आली. "हात लावू नकोस त्याला!"

तिनं शाकीरभाईंचे दोस्त मल्लिनाथ यांना बोलावलं. त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. काचेला नाक लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"भाभी, जितं हाय की हे! बारीक बारीक तोंडं उघडी दिसत्यात बघा. पांढरं पडलं असतं तर मी घाबरलो असतो. ह्याच्या अंगात डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतंय. पाण्यात माशांचं खाणं लई झालं की ते माजतंय आणि रंग झाकून टाकतंय. किती घालता?"

गुलबानोनं खाण्याचा डबा पुढे केला. "सकाळी माझं घालते. संध्याकाळी सनाच्या अब्बांच्या वाटचं. त्या वेळेला मासे काचेपाशी येतात, त्यांना शोधत. तसंच कसं उठू?"

"मीपण घालते, अम्मी," सना हळूच म्हणाली. "कॉलेजला जाताना."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी हसू आलं, मग डोळे भरले.

खाणं आवरलं. सना दर रविवारी थोडं थोडं पाणी बदलू लागली. घाई नव्हतीच. थंडी सरता सरता फांद्यांची टोकं गुलाबी झाली, बुडखा मात्र तपकिरीच राहिला.

"पहिल्यासारखं नाही झालं," सना म्हणाली.

"असू दे." गुलबानो टाकीजवळ सरकली. "हा तुकडा पुण्याहून आणला ना, तेव्हा तुझ्या अब्बांनी पाण्याची पिशवी लेकरासारखी मांडीवर घेतली होती. धक्का लागेल म्हणून पार सोलापूरच्या अलीकडे मोडनिंब येईपर्यंत एसटीत शेजारी कुणाला बसू दिलं नाही. मलासुद्धा!"

"मग तू कुठं बसलीस?"

"मागं, कोंबड्यांच्या पाटीशेजारी," गुलबानो म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.