दुसरा ब्रेक

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. स्टिअरिंगवर शिकाऊ, शेजारी मास्तर, आणि त्यांचा पाय कायम आपल्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर. परीक्षा पास झालेला माणूस मग मास्तरांना मागच्या सीटवर बसवून एक फेरी मारून आणायचा, अशी त्यांच्या क्लासची रीत.

निवृत्त झाले, पण पाय काही ब्रेकवरून निघेना. बायकोला आमवात झाला, सांधे सुजले, आणि मास्तरांनी घराचा ताबाच घेतला. झाकण उघडणं, नळ फिरवणं, बटणं लावणं, सगळं हेच करणार. काकूंनी हात पुढे केला रे केला की स्वारी हजर!

दवाखान्यातली मंडळी मात्र बुचकळ्यात पडली. डॉक्टरांनी औषध बदललं, सूज उतरली, व्यायामही शिकवून झाले. तरी मुठीत जोर येईना. "घरी जाऊन बघायला हवं," असं नर्सने सुचवलं. म्हणून आज व्यायाम शिकवणारी थेरपिस्ट घरी आली होती.

तिला उत्तर लगेच मिळालं. "काका, काकूंचे हात कुठायत? मला तर सगळीकडे तुमचेच दिसतायत."

काकू खुदकन हसल्या. मास्तर उखडले. "अहो, सकाळी बोटं वळत नाहीत तिची! मी काय बघत बसू?"

"सकाळी करा की मदत. पण आता दुपार झाली, बोटं मोकळी झालीयत. ती वापरली नाहीत तर जोर येणार कुठून?" तिने ओट्यावर दोन कानांचं पातेलं ठेवलं. "चहा काकू करतील. तुम्ही इथे बसायचं."

मास्तर खुर्चीत टेकले, पण मनात आलंच. हिचं हिला जमायला लागलं, तर आपण कशाला उरलो?

डबा उघडता उघडता काकूंच्या कपाळाला घाम आला. पातेलं कलंडलं, दूध सांडलं. मास्तर अर्धे उठले. थेरपिस्टने नुसतं बघितलं, तसे बसले बिचारे.

अखेर चहा आला. साखर अंमळ जास्तच, पण आला!

"अहो, पाय काढा तो," काकू म्हणाल्या. "मघापासून फरशीत रोवून बसलाय. तुम्ही समोर होतात म्हणून तर पातेलं उचलायचा धीर झाला मला. आता पास झालेय ना मी? मग बसा मागच्या सीटवर."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी पाय उचलून खुर्चीतच मांडी घातली आणि रिकामा कप पुढे केला.

"अजून अर्धा मिळेल?"